बाहेरकाठ्यावरची हाक

शाळेतलं शेतकी मंडळ म्हटल्यावर तुम्ही लगेच सावरून बसलात, मला दिसतंय. आता हा सांगणार की पांढऱ्या टोप्या घातलेल्या पोरांनी रस्त्याकडेला झाडं लावली, गावानं श्रमदान केलं, पाहुणे आले, नारळ फुटला आणि ओसाड माळ हिरवागार झाला. ते पुस्तक वेगळं. तसल्या पुस्तकांना बक्षिसंही मिळतात, आपलं काही म्हणणं नाही. आमच्या मंडळानंही गावाच्या शेतात पाणी आणलं. भरपूर आणलं. फक्त ते खाडीचं होतं. आणि आणलं ते मी एकट्यानं, हातात फावडं न धरता, नुसतं तोंड उघडून.

आमचं घर कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला, चालत अर्ध्या तासावर. बापू नागोठण्याकडच्या कंपनीत शिफ्टला जायचे. त्यामुळे घरातली सगळी घड्याळं कंपनीच्या भोंग्यावर चालायची. बापू दिवसपाळीला असले की घरात आवाज. रातपाळी करून आले की दिवसभर आम्ही सगळे मांजरासारखे चालायचो. आई चुलीपुढं तांदळाची भाकरी थापायची, तो थप-थप आवाज तेवढा चालायचा, बाकी सगळं बंद. पावसाळ्यात ताज्या मासळीचे वांधे, म्हणून सुकट भाजली जायची, आणि त्या वासानं शेजारच्या तीन घरांतली मांजरं आमच्या पडवीत हजर. खाडीच्या चिखलातले निवटे मासे मिळाले तर मात्र आईचा हात सैल सुटायचा. असं कालवण करायची की भाकरी संपली तरी आम्ही बोटानं ताट पुसत बसायचो.

आणि जेवताना माझा कार्यक्रम. मला आवाज यायचे. यायचे म्हणजे शिकलो नाही, कुणी शिकवले नाहीत. माणूस एकदा बोलला की तो माझ्या घशात जाऊन बसायचा. पेणच्या एसटी स्टँडवरचा कंट्रोलर, नाकातून बोलणारे हेडमास्तर, रोह्याहून यायची ती बांगडीवाली, सगळे आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेले. पण घरातली फर्माईश एकच. "दिन्या, धर्मानाना कर," आई म्हणायची. मी कानावर हात ठेवून सुरू केलं की ती हातातली पळी तशीच धरून इतकी हसायची की डोळे पुसायला पदर पुरायचा नाही. बापू गालात हसायचे, म्हणायचे, "कंपनीत चल माझ्याबरोबर. भोंगा काढून तुलाच बसवतील."

धर्मानाना म्हणजे आमच्या बांधाचा माणूस. हे जरा नीट सांगायला हवं, कारण हल्ली माझ्या रोह्यातल्या शेजाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं. आमची शेतं खाडीपेक्षा खोल. भरती आली की पाणी शेताच्या वर असतं, मध्ये फक्त मातीचा एक लांबलचक बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. पावसाचं पाणी आत साठतं, ते सोडायला बांधाच्या पोटात एक वाट ठेवलेली असते, ती उघाडी. तिला एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, आतलं पाणी खाडीत जातं. भरतीच्या आधी फळ्या टाकायच्या, म्हणजे खाडी आत येत नाही. एवढंच. पण त्या एवढ्यावर सगळ्या गावाचं वर्षाचं भात.

फळ्या काढणारा हिराजी. तो उघाडीच्या आतल्या बाजूला, पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा. बांध त्याच्या डोक्याच्या वर. त्याला खाडी दिसायचीच नाही. खाडी बघायचे धर्मानाना. दोन-अडीचशे पावलांवर बाहेरकाठ्याला वळण आहे, तिथं एका तिवराच्या खोडावर त्यांनी खूण केलेली. पाणी त्या खुणेच्या खाली उतरलं की नाना कानावर हात ठेवून हाक द्यायचे, "काढ रे फळीऽऽऽ!" त्यांचा आवाज खालून सुरू व्हायचा, मधे फुटायचा, आणि फुटून पुन्हा वर चढायचा. पलीकडून हिराजीचं उत्तर यायचं, "व्हय नानाऽऽऽ!" मग फळी निघायची. हिराजी कधी पायऱ्या चढून वर बघायला आला नाही. गरजच काय? त्याच्या आधी त्याचा बाप त्या पाण्यात उभा राहायचा, आणि वळणावर नानांचा बाप.

आता मंडळ. नववीत आम्हाला शेतकी शिकवायला गावंड सर आले. बारीक अंगकाठी, पायात कायम चिखलाच्या चपला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "तुमच्यातल्या निम्म्यांना कंपनीत नोकरी लागणार नाही. तेव्हा भात तरी नीट पिकवायला शिका." मंडळात आम्ही चौदा जण, त्यात पाच मुली. सरांनी आम्हाला बी निवडायला शिकवलं. बादलीत पाणी घ्यायचं, त्यात अंडं सोडायचं, अंडं वर तरंगेपर्यंत मीठ घालत राहायचं. मग त्यात भाताचं बी ओतायचं. वर येईल ते पोचट, फेकून द्या. खाली बसेल ते खरं. ते गोड्या पाण्यात धुऊन घ्या. गावात ही बातमी गेल्यावर पंधरा दिवस आम्हाला रस्त्यानं चालू देईनात.

"काय गो वनिता, बियाचं लोणचं घातलंस का?"

"फोडणी कवा देणार?"

वनिता माझ्या वर्गातली, तोंडाची तिखट. ती म्हणायची, "भात पिकलं का वाढीन तुमाला, तवा इचारा." पण घरी जाऊन रडायची, ते मला माहीत होतं. तिची आई सखूमावशी, नवरा नाही, आणि शेत सगळ्यात खोलगटीतलं. त्या खोलगटीत शेत असलेल्या अकरा घरांनी आपलं बी मंडळाकडं द्यावं, आम्ही निवडून, मोड आणून, त्यांच्या शेतात टाकून देऊ, असं सरांचं म्हणणं. आमच्याकडं रोप लावत नाहीत सगळीकडं. मोड आलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. गावकीची सभा बसली. कोणी हो म्हणेना. पोरांच्या हातात वर्षाचं बी कोण देणार? शेवटी धर्मानाना उठले. म्हणाले, "मी त्यांचं बी बघितलंय. दान्याला दाना चांगला हाय. द्या. काय झालं तर मला इचारा." बस. दुसऱ्या दिवशी अकरा घरांतून बी आलं.

आम्ही रहू टाकला त्या दिवसाचं मला अजून आठवतं. चौदा जण एका रांगेत, गुडघाभर चिखलात, डाव्या हातात टोपली, आणि सर मागून ओरडतायत, "मूठ उघडून फेक, कोंबड्यांना दाणे टाकतोस का!" तिसऱ्या दिवशी काळ्या चिखलावर पांढरे मोड दिसायला लागले. टोचल्यासारखे. सखूमावशी बांधावर उभी राहून बघत होती. मग घरी जाऊन आम्हा चौदा जणांना गूळ-पोहे घेऊन आली.

त्याच तिसऱ्या दिवसाची गोष्ट. अमावास्येचं उधाण होतं, भरती दुपारी बाराच्या सुमाराला. सरांनी आम्हाला बाहेरकाठ्यावर नेलं होतं, पाणी किती चढतं ते वहीत लिहायला. नानांनी आम्हाला खूण दाखवली, पाण्याचा रंग कसा बदलतो ते सांगितलं. मग त्यांची नात भाकरी घेऊन आली. वळणापाशीच पेंढ्याची एक खोपी होती, नाना तिथं जेवायला बसले. सर वही घेऊन पार पलीकडच्या टोकाला. आणि आम्ही पोरं मोकळी.

"दिन्या, नाना कर," कोणीतरी म्हणालं.

"हळू करीन."

"हळू काय? हळूत मजा नाय."

आणि ते खरं होतं. नानांचा आवाज हळू येतच नाही. मधे तो फुटतो ना, ते फुटणं पूर्ण गळा सोडल्याशिवाय जमत नाही. मला वाटलं, हिराजी घरी गेला असेल. फळी तर चार वाजता काढायची, अकराला तो कशाला येतोय? तो उघाडीतलं गवत काढायला लवकर आला होता, हे मला काय ठाऊक. मी नानांच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. त्यांच्यासारखा एक पाय पुढं टाकला. कानावर हात ठेवला. माझ्यासमोर खाडी तिवराच्या खुणेच्या हातभर वर चढलेली होती, आणि मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी पोरांकडं बघत होतो.

"काढ रे फळीऽऽऽ!"

असा लागला आवाज की माझाच मला काटा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वनिता पोट धरून खाली बसली. आणि त्या टाळ्या थांबायच्या आत पलीकडून उत्तर आलं.

"व्हय नानाऽऽऽ!"

तुम्हाला कधी असं झालंय का, की तुम्ही गंमत म्हणून एखाद्या दाराला हात लावला आणि ते दार उघडलं? मला काही क्षण कळलंच नाही काय झालं ते. टाळ्या वाजवणारे हात तसेच जवळजवळ राहिले. वनिता बसली होती ती तशीच बसून राहिली. खोपीकडं बघितलं तर नाना दारात उभे. हातात भाकरीचा तुकडा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माणूस आरशात बघायला जावा आणि आरशातला माणूस हलू नये, तसा तो चेहरा होता. त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला होता.

मग ते ओरडायला गेले. "टाक" एवढं निघालं आणि घास घशात अडकला. खोकला आला, डोळ्यांतून पाणी. एका हातानं छाती धरून दुसऱ्या हातानं ते माझ्याकडं खूण करायला लागले. मी ओरडू? त्यांचा हात म्हणत होता, व्हय व्हय, तू ओरड, लवकर ओरड. आता सांगायचं तर लाज वाटते, पण सांगायला बसलोच आहे. माझा आवाज निघाला नाही. नानांचा तर नाहीच, माझाही नाही. तोंड उघडं, आणि आतून नुसती हवा. मी लग्नांत, पूजांत, रोह्याच्या हॉलमध्ये हजार-हजार माणसांपुढं माइक धरून बोलतो हल्ली, तेच माझं पोट आहे. पण एखाद वेळी माइक हातात आला की ती हवा आठवते, आणि मी आधी पाणी पितो.

आम्ही धावलो. वळणापासून उघाडीपर्यंत बाहेरकाठ्यावर गुडघाभर गवत, खाली भुसभुशीत माती. पोचेपर्यंत वरची फळी निघालेली होती. पाणी त्या जागेतून जाड चादरीसारखं आत पडत होतं आणि हिराजी त्या पाण्याखाली फळी परत खाचेत बसवायला धडपडत होता. पण वाहत्या पाण्यात फळी बसत नाही. पाण्यानं ती त्याच्या हातातून ओढून घेतली. मग दुसरी फळी फुटली. असा आवाज झाला की सरांनी पलीकडच्या टोकावरून वही टाकून दिली, ती नंतर कधी सापडलीच नाही.

हिराजीनं काय केलं, तर तो त्या वाटेत पाठ लावून उभा राहिला. उघड्या पाठीवर सगळी खाडी. "माती! माती आना!" एवढंच ओरडत होता. गाव कसं जमलं मला माहीत नाही. वनिता धावत सांगायला गेली होती म्हणे. बायका टोपल्यांनी चिखलाच्या ढेपा आणत होत्या, माणसं पेंढ्याचे भारे. टाकलेलं निम्मं वाहून जात होतं. आणि तेवढ्यात सखूमावशी आली, डोक्यावर गोठ्याचं दार घेऊन. बिजागऱ्यांसकट उपटलेलं. तिनं ते चार माणसांच्या हातात दिलं, दार आडवं करून उघाडीवर दाबलं, त्याच्यामागं माती, पेंढा, पुन्हा माती. पाणी थांबायला भरती उतरायची वेळ आली. हिराजीला वर काढलं तेव्हा त्याची पाठ लाल झालेली, तिवराच्या काटक्यांनी ओरबाडलेली. आणि तो पुन्हा पुन्हा एकच बोलत होता, नानांकडं बघून. "फळी जड लागली रे नाना. हाताला कललं होतं, पानी बाहेर हाय. पहार घालून काढली. हात नको बोलत होता. पन आवाज तुझा होता."

मी तिथंच उभा होतो. कोणाला अजून कळलंच नव्हतं की आवाज कोणाचा होता. मंडळातल्या एकाही पोरानं माझं नाव घेतलं नाही. मीच बोललो. सरांना सांगितलं, सगळ्यांपुढं. सर खोलगटीत उतरले, साठलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि थुंकले. नुसतं थुंकले. पांढरे मोड पाण्याखाली गेले होते, वर पेंढ्याच्या काड्या आणि गूळ-पोह्यांचा एक कागद तरंगत होता.

घरी आईनं ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं होतं मार पडेल. तिनं विचारलं, "दिन्या, मी हसायची म्हणून का रे?" तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं. बापू शिफ्टवरून आले, त्यांना स्टेशनावरच कळलं होतं. ते न जेवता झोपले.

मला वाटत होतं यापेक्षा वाईट काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी नवी फळी बसवली. चार वाजता ओहोटी, साठलेलं खारं पाणी सोडायचं होतं. अख्खं गाव बाहेरकाठ्यावर. घाई होती, जितकं पाणी लवकर जाईल तितकं बरं. नाना वळणावर गेले. खूण बघितली, पुन्हा एकदा बघितली, मग कानावर हात ठेवला.

"काढ रे फळीऽऽऽ!"

उत्तर आलं नाही.

नानांनी पुन्हा हाक दिली. तशीच, खालून वर, मधे फुटलेली. काही नाही. आणि मग उघाडीपाशी बांधाच्या वर आधी हिराजीची टोपी दिसली, मग कपाळ, मग डोळे. तो पायऱ्या चढून वर आला होता. त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि वळणाकडं बघितलं. नाना आहेत ना, ते बघितलं. मग खाली मान घालून पायऱ्या उतरला आणि फळी काढली. "व्हय" म्हणाला नाही.

बाहेरकाठ्यावरच्या प्रत्येक माणसानं ते बघितलं होतं. नानांचा हात कानावरच राहिला. मला खाडी आत आली तेव्हा एवढा धक्का बसला नव्हता. शेत खारं झालं हे मला कळत होतं, ते डोळ्यांना दिसत होतं. पण मी अजून काहीतरी बुडवलं होतं, आणि ते कुठं गेलं, कोणत्या ओहोटीला निघणार, ते मला कळेना. त्यानंतर हिराजी दर वेळी वर चढून बघायचा. दुसऱ्याच दिवशी नानांनी वळणावर एक बांबू रोवला आणि त्याला लाल फडकं बांधायला लागले. फडकं वर, फळी काढा. फडकं खाली, फळी टाका. हाक बंद झाली.

पुढं सरांनी मंडळाकडं उरलेलं बी काढलं, घराघरांतून जुनं राता भात मागून आणलं, ते खाऱ्याला जरा टिकतं. पावसानं दोनदा शेतं धुतली आणि आम्ही चौदा जणांनी पुन्हा रहू टाकला. अकरापैकी सहा घरांना काहीतरी मिळालं. सखूमावशीला मिळालं नाही. वनिता माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही, आणि बोलली तेव्हा फक्त "पेन दे" म्हणाली.

पण मी नानांकडं गेलो तो हिराजी पहिल्यांदा वर चढून आला त्याच संध्याकाळी. आईनं पाठवलं. सोबत आली नाही, म्हणाली, "एकटा जा, तोंड तुझं होतं." नाना ओट्यावर बसून तो बांबू तासत होते. मी समोर उभा राहिलो. बांबूच्या ढलप्या माझ्या पायाशी येऊन पडत होत्या. मग ते बोलले, मान वर न करता.

"शेताचं मी काय बोलत नाय. खार येते, पाऊस धुतो, दोन वर्सांनी पुन्ना पिकतं. त्याला औषध हाय. लोकांनी बी माज्या शबदावर दिलं, ते मला इचारतील, मी बघीन. पन तू मला एक सांग. उभा राह्यलास ना माज्या जागंवर? समोर काय होतं?"

"खाडी."

"पानी कुठं होतं?"

मी पायाच्या अंगठ्यानं अंगण उकरायला लागलो.

"बोल ना! एवढा गला हाय तर बोल! पानी खुनेच्या वर होतं का खाली?"

"बघितलं नाय नाना."

"बघितलं नाय." त्यांनी कोयता खाली ठेवला. "माज्या बापानं मला तीन वर्सं वळणावर बसवलं. हाक मारू दिली नाय. नुसतं पानी बघ, बोलला. भरती बघ, भांगाचं कमी पानी बघ, उधान बघ. चौथ्या वर्साला बोलला, आता मार हाक. तू चार दिवसांत आवाज घेतलास. चांगला घेतलास, माज्या बायकोला फरक कलला नसता. पन बघनं कुठं हाय त्याच्यात? नुसतं वरचं टरफल नेलंस आन ते त्या हिराजीच्या अंगावर टाकलंस. तो मेला असता तर? त्याच्या पोरांना काय सांगितलं असतंस, गंमत केली? पोरं हसली?"

मी रडायला लागलो. दाबून धरलेलं होतं, ते एकदम सुटलं. आधी खालून, मग मधे फुटून, मग वर. नानांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"आरे देवा! रडतोस ते पन माज्या आवाजात? गप! गप आधी! लाज वाटत नाय? रडायचं असंल तर तुज्या आवाजात रड, नायतर घरी जा!"